गोव्यात डिलिव्हरीचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बांद्याचा, सिंधुदुर्गातलं गोव्याच्या सीमेजवळचं गाव. गेली चार वर्षं म्हापसा-पर्वरी-पणजी पट्ट्यात स्कूटरला बॅग लावून फिरतो. आधी जेवण, मधे काही महिने किराणा, आता परत जेवण. सावंतवाडी-दोडामार्गाकडची पोरं, त्यांचे काका, कधी कधी त्यांच्या आयासुद्धा फोन करून तेच तेच विचारतात. प्रत्येकाला तीच टेप लावण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकतो. कंपन्यांचे दर सारखे बदलतात, म्हणून दर कमी आणि हिशेब कसा मांडायचा ते जास्त लिहिलंय.

महिन्याला सुटतात किती?

ॲपवर दिसतात ते पैसे येतात. पेट्रोल, टायर, ऑइल, चहा-नाश्ता, रिचार्ज जाऊन उरतात ते सुटतात. फोनवर बढाई मारणारा मित्र तुम्हाला आलेले सांगतो, सुटलेले नाही.

झोमॅटोच्या संस्थापकांनी जानेवारी २०२६ मध्ये देशभरातली सरासरी जाहीर केली होती: २०२५ साली टीप सोडून तासाला १०२ रुपये. रोज दहा तास आणि महिन्याला २६ दिवस धरले तर साधारण २६,५०० येतात, त्यातले वीसेक टक्के पेट्रोल-देखभालीला जाऊन २१,००० च्या आसपास सुटतात, हा त्यांचाच हिशेब. दहा तास आणि २६ दिवस हे आधी वाचा, मग रक्कम वाचा.

गोव्यात वीस टक्क्यांत भागत नाही, असा माझा अनुभव. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटर, अख्खा गोवा ३,७०२. एवढ्याशा राज्यात माणसं मात्र विखुरलेली: शहरं छोटी, आणि मधे शेतं, डोंगर, नदी, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन). पुण्या-मुंबईत जिथे ऑर्डर सोडली तिथेच पुढची लागते. इथे आसगावच्या टोकाला बिर्याणी देऊन आलात की परतीचे सहा किलोमीटर बॅग रिकामी. त्या रिकाम्या परतीचे पैसे बहुतेक वेळा कुणी देत नाही. गोव्यातल्या डिलिव्हरीचं सगळं गणित त्या परतीत आहे.

ते गणित जरा फोडून सांगा ना.

समजा, स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल ९७ रुपये आहे. किलोमीटरला पेट्रोलचे साधारण सव्वादोन रुपये झाले. ऑइल, ब्रेक शू, टायर, बेल्ट यांचे पाऊण रुपया धरा. एक किलोमीटर म्हणजे तीन रुपये. हा आकडा हँडलवर चिकटवून ठेवा, मी खरोखर ठेवलाय.

आता एक ऑर्डर आली ६५ रुपयांची. हॉटेल दीड किलोमीटर, गिऱ्हाईक तिथून सहा, परत सहा. साडेतेरा किलोमीटर, म्हणजे चाळीस रुपये गाडीने खाल्ले. हातात पंचवीस, आणि पन्नास मिनिटं गेली. दुसरी ३२ रुपयांची: हॉटेल अर्धा, गिऱ्हाईक दोन, परत दोन. साडेचार किलोमीटरला साडेतेरा रुपये, उरले साडेअठरा, वीस मिनिटांत. पन्नास मिनिटांत अशा अडीच ऑर्डर बसल्या तर शेहेचाळीस रुपये. नवीन मुलगा ६५ बघून उडी मारतो. जुना रायडर ३२ वाल्या दोन कुठे मिळतील ते बघतो.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: सुरुवातीचं किलोमीटर रीडिंग, शेवटचं रीडिंग, आणि दिवसाची कमाई. महिनाभर लिहिलंत की कुणाला विचारावं लागणार नाही.

मग लांबची ऑर्डर घ्यायचीच नाही का?

घ्यायची, पण ती जिथे जाऊन संपते तिथे पुढचं काम आहे का ते बघून. म्हापशाहून पर्वरीची चालते, पर्वरीत पुढची मिळते. रात्री शेवटची ऑर्डर घराच्या दिशेची असेल तर डोळे मिटून घ्या. सरसकट नाकारत सुटलात तर मात्र इन्सेंटिव्ह हातचा जातो आणि पुढच्या ऑर्डरीही कमी येतात, असं सगळेच रायडर म्हणतात. ॲपच्या पोटात काय चालतं ते कुणी बघितलेलं नाही.

थांबायचं कुठे?

पणजी बारा महिने. सांतिनेज, मिरामार, करंझाळे, ताळगाव, दोनापावला: फ्लॅटवाले, नोकरीवाले, अंतरं लहान. अठरा जून रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, तेवढा ताप. मळा-फोंतेन्हासच्या गल्ल्या अरुंद आणि एकेरी, तिथे गाडी बाहेर लावून पायी जाणं बरं. आल्तिनोचा चढ पेट्रोल पितो.

पर्वरीत वस्ती भरपूर आणि ऑर्डरीही भरपूर. पण महामार्गाच्या या अंगाचं हॉटेल आणि त्या अंगाचं गिऱ्हाईक अशी जोडी पडली की वळसा घालता घालता जीव जातो. उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तर वेळेचा अंदाजच लागत नाही.

कळंगुट-कांदोळी-बागा हा सीझनचा पट्टा. डिसेंबरात पैसा, जुलैत शुकशुकाट. हणजुणे, आसगाव, शिवोली इथे व्हिला आहेत, ऑर्डरी मोठ्या रकमेच्या असतात, पण रक्कम मोठी म्हणून तुमचे पैसे वाढत नाहीत. रस्ते काळोखे.

म्हापशात शुक्रवारी बाजार. दुपारपर्यंत बाजाराच्या बाजूला फिरकू नका. मडगाव-फातोर्ड्यात माझे दोन मित्र आहेत, ते पणजीपेक्षा खूश आहेत. वास्कोत ठीक. फोंड्यात अर्धवेळ म्हणून ठीक. वाळपई, सांगे, धारबांदोड्याकडे या कामावर पोट भरेल असं मला वाटत नाही.

आणि मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. मॅपमध्ये दुचाकीचं चित्र निवडलेलं नसेल तर तो तुम्हाला थेट पुलावर चढवायला बघतो. आपण जुन्या मांडवी पुलावरून जायचं.

जेवण, किराणा की पार्सल?

जेवणाला दोन हंगाम: दुपारी साडेबारा ते तीन, रात्री साडेसात ते अकरा. मधे झोप काढा किंवा गाडी धुवा. हॉटेलात थांबायला लागतं तो वेळ फुकट जातो. शनिवारी रात्री एखाद्या नावाजलेल्या हॉटेलाच्या मागच्या दारात आपण नऊ रायडर, पिठाच्या पोत्यावर बसलेले, आणि आतला कुक ओरडतोय की दहा मिनिटं. ती दहा मिनिटं कधी दहा नसतात.

किराणा गोदामावरून निघतो, अंतर कमी, दिवसभर काम. पण पाण्याचे वीस लिटरचे कॅन आणि लिफ्ट नसलेला तिसरा मजला याची तयारी ठेवा. मी सोडलं ते कमरेमुळे. "दहा मिनिटांत" ही जाहिरात जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांच्या सांगण्यावरून मागे पडली, पण घाई करायची सवय अंगात राहते.

कुणाची तरी पिशवी इकडून तिकडे पोचवायच्या कामात एकच सांगतो: बंद पाकिटात काय आहे ते बघितल्याशिवाय किनारपट्टीवर रात्री पार्सल घेऊ नका. पोलिसांनी अडवलं तर पिशवी तुमच्या हातात असते, पाठवणाऱ्याच्या नाही.

प्रवासी बसवू का, असंही काहीजण विचारतात. नको. तो काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवाल्या पायलटांचा धंदा आहे, त्यांच्याकडे परवाना असतो आणि ती माणसं आपल्या आधीपासून रस्त्यावर आहेत. खरं तर गोव्याचा पहिला डिलिव्हरीवाला पोदेर. पहाटे सायकलवर पाव घेऊन भोंपू वाजवत येतो, त्याला लोकेशन लागत नाही.

सीझन संपला की काय?

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बरं असतं. २० डिसेंबर ते २ जानेवारी हे सोन्याचे दिवस, पण तेव्हा बागा रोडवर दोन किलोमीटरला पाऊण तास लागतो. दर वाढलेला दिसतो आणि फेऱ्या निम्म्या होतात. मी त्या दिवसांत किनाऱ्यावर जातच नाही, पणजी-ताळगावात राहतो. सगळे रायडर किनाऱ्याकडे धावलेले असतात आणि इथल्या घरच्या ऑर्डरी मला मिळतात.

मे अखेरीस किनाऱ्यावरचे शॅक (झोपडीवजा हॉटेलं) काढून टाकतात. जून-जुलैत ट्रॉलरची मासेमारी बंद, हॉटेलांतली थाळी महाग, पर्यटक तुरळक. तरी पाऊस हाच आपला दुसरा सीझन. पणजीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सगळे घरी बसतात आणि भूक लागते. निम्मे रायडर लॉगिनच करत नाहीत, म्हणून पावसाचे जादा पैसे मिळतात.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दोन-तीन दिवस गोवा बंदच म्हणा. मीही घरीच असतो, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला.

पावसात काय लागतं?

दोन भागांचा चांगला रेनकोट. पोंचो नको, वाऱ्यात तो चेहऱ्यावर येतो. ओल्या बोटाला फोनची स्क्रीन ओळखत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच लोकेशन उघडून गल्ली डोक्यात बसवा. फोन पारदर्शक पाऊचमध्ये, पॉवर बँक बॅगेत वेगळ्या पिशवीत, आणि एक जुना सुती टॉवेल सीटखाली. चपला घालून फिरू नका, लाल चिखलात पाय टेकला की सटकतो.

आणि ओसरीवर आडोशाला उभे राहिलात तर "बाब, पाणी जाय?" (पाणी हवं का) म्हणून विचारणारी माणसं इथे अजून आहेत. आत बोलावलं तर बूट काढा.

बांद्याहून, दोडामार्गाहून रोज ये-जा जमेल का?

बरेचजण करतात. बांदा ते म्हापसा तीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन साठ, तीन रुपयांनी १८० रोजचे, २६ दिवसांचे ४,६८०. तेवढ्यात म्हापशात दोघातिघांनी मिळून खोलीत राहता येतं का ते आधी बघा. मी पहिलं वर्ष ये-जा केली. रात्री बारा वाजता पत्रादेवीचा सीमानाका ओलांडताना दोनदा डुलकी लागली. दुसऱ्यांदा गाडी रस्त्याच्या कडेच्या चरापर्यंत गेली, त्या आठवड्यात खोली घेतली.

खोली घेतलीत तर मालकाकडून पोलिसांचा भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरून घ्या आणि त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. मालक टाळाटाळ करतात. तुम्ही मागे लागा.

एमएच ०७ ची गाडी चालते. पण दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, असा मोटार वाहन कायदा आहे. नाक्यावर कधी विचारलं तर ये-जा करतो म्हणून सांगतो, आणि खरंच करत असाल तर बांद्यातल्या गॅरेजच्या पावत्या जपून ठेवा. पेट्रोल मात्र गोव्यातच भरा. आपल्याकडचे लोक त्यासाठी मुद्दाम सीमा ओलांडतात, तुम्ही तर तिथेच आहात.

कागदपत्रं कोणती?

आधार, पॅन, बँक खातं, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. लायसन्स गियरवाल्या गाडीचं काढा. ते स्कूटरला चालतं, उलटं चालत नाही. नोंदणीच्या वेळी बॅग-टीशर्टचे पैसे कापतात, ते एकरकमी की हप्त्याने ते विचारून घ्या. "आयडी काढून देतो, हजार रुपये द्या" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. सगळं ॲपवरून होतं. दुसऱ्याच्या आयडीवर फिरू नका. अपघात झाला तर विम्याच्या कागदावर तुम्ही नसताच.

गाडी कोणती बरी?

ज्याची देखभाल तुमच्या गल्लीतला मेकॅनिक करतो ती. शंभर-एकशेदहा सीसीची साधी मोटारसायकल पेट्रोलला स्वस्त पडते. स्कूटरला पाय ठेवायच्या जागेत पिशवी मावते. खारा वारा गाडी खातो: सायलेन्सर, स्टँडची स्प्रिंग, नटबोल्ट. किनाऱ्याकडून आलात की गोड्या पाण्याने गाडी धुवा, रोज नाही तर दोन दिवसांनी.

इलेक्ट्रिकचं गणित पणजीत जुळतं, कारण फेऱ्या छोट्या आणि दुपारी चार्जिंगला वेळ मिळतो. खोलीत चार्जिंगचा पॉइंट आणि मालकाची परवानगी, दोन्ही आधी बघा. अडीचशे वॅटपर्यंतच्या, ताशी पंचवीसपेक्षा जास्त न पळणाऱ्या गाड्यांना लायसन्स-नोंदणी लागत नाही, पण बॅग भरून आल्तिनो चढायची वेळ आली की ढकलत न्यावी लागते. बघितलंय मी.

पर्यटकांना देतात ती काळ्या पाटीची भाड्याची स्कूटर रोजच्या भाड्याने घेऊन हे काम करू नका. तिच्या भाड्यातच सकाळ जाते.

पत्ता सापडत नाही तेव्हा काय करता?

हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही, आठ दिवसांनी सगळे विचारतात.

गोव्यात घराला नंबर असतो, पण शेजारच्या घराचा नंबर त्याच्या पुढचा असेलच असं नाही. पत्ता वाड्याच्या नावाने चालतो. गिऱ्हाईक दिल्लीचं, दोन दिवसांसाठी आलेलं, त्याला वाड्याचं नाव माहीत नाही. त्याने पिन टाकलेला असतो समुद्रात किंवा नाल्याच्या पलीकडे. व्हिलाचं नाव पोर्तुगीज, पाटी वेलीने झाकलेली.

मागच्या जुलैत आसगावात असाच अडकलो होतो. रात्रीचे दहा, धो धो पाऊस, पिन दाखवतोय एका भिंतीवर. गिऱ्हाईक फोनवर सांगतंय, "पांढरं गेट". पाचही गेटं पांढरी. कोपऱ्यावर एक बाई गाडा बंद करत होत्या. मी नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "त्या खुरसाकडेन दाव्यान वच, फुडें काजूचें झाड." खुरीस म्हणजे रस्त्याकडेचा क्रॉस. तिथून डावीकडे वळलो, काजूचं झाड आलं, घर आलं. ॲपला अजून ते घर माहीत नसेल.

तर हे करा. हॉटेलातून निघण्यापूर्वीच गिऱ्हाईकाला फोन करा, रस्त्यात नाही. "जवळ चॅपेल आहे का, देऊळ आहे का, दुकान आहे का" असं विचारा. एकदा सापडलेलं घर वहीत लिहून ठेवा: "शिवोली, पिंपळ, निळं गेट, कुत्रा." किनारपट्टीवर पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक बदलतं, घर तेच राहतं. माझ्या वहीत चारेकशे घरं झालीत.

चार शब्द कोकणीचे येऊ द्या. मालवणी येत असेल तर अर्धं काम झालंच. "खंय पावलो रे?" असा फोन आला की चिडू नका, तो नुसतं कुठे पोचलास ते विचारतोय.

दिवाडी बेटावर पूल नाही, फेरीबोटीने जावं लागतं. तिकडची ऑर्डर चुकून लागलीच तर आधी सपोर्टला कळवा. फेरी सुटली की पुढची येईपर्यंत आइस्क्रीमचं काय होतं ते सांगायला नको.

अपघात झाला तर?

हा भाग घाईने वाचू नका.

तुमच्या खासगी दुचाकीच्या विम्याची पॉलिसी उघडा. "वापराच्या मर्यादा" म्हणून परिच्छेद असतो. त्यात भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. म्हणजे बॅग लावून फिरताना गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. नूतनीकरण करताना एजंटला स्पष्ट सांगा की गाडी डिलिव्हरीला वापरतो, आणि तसं कव्हर मागा. थोडे पैसे जास्त जातील.

विम्यासोबत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा येतो तो मालक-चालकाचा. गाडी बाबांच्या नावावर आणि चालवता तुम्ही, तर तो तुम्हाला लागू नाही. आपल्याकडे निम्म्या पोरांच्या गाड्या बाबांच्या किंवा भावाच्या नावावर असतात. वेगळी अपघात पॉलिसी काढा.

कंपन्याही अपघात विमा देतात. तो कधी लागू होतो (लॉगिन असताना, की ऑर्डर हातात असतानाच) हे ॲपमध्ये लिहिलेलं असतं. आज रात्री वाचा, आणि घरच्या एकाला तरी दावा कसा करायचा ते दाखवून ठेवा. दावा तुम्ही करायच्या अवस्थेत नसाल.

पडलात तर १०८. ऑर्डर रद्द करणं नंतर. रस्ते अपघातात जखमी झालेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोखरहित उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे, रुग्णालयात तिच्याबद्दल विचारा. गोव्यात पाच वर्षांहून जास्त राहणाऱ्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड मिळतं. आपल्याला ते मिळत नाही, आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) २०१८ पासून बिगर-गोमंतकीयांना शुल्क आहे. म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद आणि रेशन कार्डाचा फोटो फोनमध्ये असू द्या.

हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेलं. हँडलला लटकवलेलं नाही.

आयडी ब्लॉक झाला तर?

माझा एकदा झाला होता. गिऱ्हाईकाने "जेवण मिळालं नाही" अशी तक्रार केली. मी दिलं होतं, सुरक्षारक्षकाच्या हातात, त्यांच्याच सांगण्यावरून. दोन दिवस आयडी बंद, शनिवार-रविवार. सपोर्टला चॅट केलं की ठरलेली उत्तरं यायची. शेवटी फोनमध्ये काढलेला फोटो कामाला आला, टेबल, पिशवी आणि बिल दिसणारा.

तेव्हापासून दारात ठेवायला सांगितलेली किंवा तिसऱ्याच्या हातात दिलेली प्रत्येक ऑर्डर मी फोटोत पकडतो. गिऱ्हाईकाशी बोलणं कंपनीच्या ॲपमधूनच करा, म्हणजे त्याची नोंद राहते. आणि दोन ॲपवर आयडी ठेवा, एकाच वेळी दोन्ही ऑर्डरी उचलायला नाही, एक बंद पडला तर चूल पेटती राहावी म्हणून.

रोख पैशांचं काय?

रोख ऑर्डरीचे पैसे तुमच्याजवळ साठतात आणि ठरावीक मर्यादेवर गेले की ऑर्डरी येणं थांबतं. ते पैसे तुमचे नाहीत, हे संध्याकाळी सातला विसरायला होतं. दर दुपारी भरून टाका. शंभरच्या आणि दहाच्या नोटा सुट्ट्या ठेवा, "सुट्टे नाहीत" म्हणून वीस रुपये सोडणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, आपल्याला सोडावे लागतात ते जास्त.

टीप मिळते का?

मिळते, पण तिच्यावर महिना मांडू नका. नाताळात जास्त. पावसात ताळगावच्या म्हाताऱ्या आजी-आजोबांकडून हमखास, कधी पैसे, कधी कापा फणसाचे गरे.

टॅक्स भरावा लागतो का?

कंपनी तुम्हाला ठेकेदार धरते, त्यामुळे पैसे देताना एक टक्का टीडीएस कापला जाऊ शकतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणजे आपल्यापैकी जवळपास कुणालाच नाही. पण कापलेला टीडीएस रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर किती जमा दिसतंय ते बघा. माझ्या एका मित्राचे तीन वर्षांचे पैसे तसेच पडून होते, आणि जुनी वर्षं हातची गेली. रिटर्न भरलेलं असलं की गाडीच्या कर्जालाही उपयोगी पडतं.

सरकार आपल्याला कामगार मानतं का?

मानतं आणि नाहीही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने पहिल्यांदा गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द कायद्यात आणले. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असं त्यात आहे. डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत पात्रतेसाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम अशी अट होती. म्हणून केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, फुकट आहे, आधार आणि आधारला जोडलेला फोन लागतो. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये आपापले स्वतंत्र कायदे केले.

पगारी रजा, पीएफ, किमान वेतन यातलं काही अजून नाही. आजारी पडलात तर त्या दिवसाची कमाई शून्य. म्हणून मी दर सोमवारी पाचशे रुपये वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला "ताप" असं नाव दिलंय.

मुलींनी करावं का हे काम?

करतात, मी पणजीत तिघींना ओळखतो. त्या दिवसा आणि शहरातच काम करतात, रात्री किनाऱ्याकडे जात नाहीत. त्यांची सगळ्यात मोठी तक्रार गिऱ्हाईकांची नाही, स्वच्छतागृहाची आहे. कोणतं हॉटेल वापरू देतं आणि कोणतं नाही याची यादी त्यांच्याकडे पाठ आहे. नवीन मुलगी आली की आधी ती यादी सांगतात.

कॉलेज करता करता जमेल?

रात्री साडेसात ते साडेदहा, आठवड्याला चार दिवस, हे जमतं. परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवा. आयडी पडून राहिला तर चालतं की नाही ते तुमच्या ॲपच्या अटींत बघा.

कुत्रा मागे लागला तर?

वेग वाढवू नका. थांबा, गाडी बंद करा, गाडी तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे ठेवा आणि घरातल्यांना फोन लावा. "काही करत नाही तो" असं गेटातून ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी डिकीत पार्ले-जीचा पाच रुपयांचा पुडा ठेवतो. शिवोलीच्या निळ्या गेटवाला आता माझ्या स्कूटरचा आवाज ओळखतो आणि आधी बॅगेकडे नाही, डिकीकडे येतो.